द सबमिशन ग्राइंडर : हिशेबाला चोख, भाकिताला कच्चं

इंग्रजी कथा-कविता कुठे पाठवता येतील याची यादी देणारी आणि आपण काय, कुठे, कधी पाठवलं याची नोंद ठेवणारी ही फुकट वेबसाइट आहे. २००५ पासून हेच काम डुओट्रोप करत होतं, तेही फुकट. जानेवारी २०१३ मध्ये डुओट्रोपने वर्गणी सुरू केली आणि त्याच महिन्यात डेव्हिड स्टेफन यांनी ग्राइंडर उभं केलं. ते आजही देणग्यांवर चालतं. रूप जुनाट आहे, रकाने दाटीवाटीचे आहेत आणि मोबाइलवर बोट भलतीकडेच पडतं. पण चालतं चोख.

मासिकांना कथा पाठवणाऱ्यांसाठी हे साधन उत्तम आहे, त्याबद्दल फारसा वाद नाही. इथे तपासायचंय ते वेगळंच. ठरावीक विषयावर एकदाच निघणारी, ठरावीक तारखेला बंद होणारी जी अँथॉलॉजी (अनेक लेखकांच्या कथांचं पुस्तक) असते, तिला कथा विकताना ग्राइंडर कितपत कामाला येतं? आमच्या मते निम्मं. तारखा, मानधनाचे दर आणि नोंदी यांसाठी ते हवंच. त्यातले टक्के आणि आलेख वाचून ‘आपली कथा लागणार का’ याचा अंदाज मात्र बांधू नये. आकडे खोटे नसतात. ज्या व्यवहारासाठी ते जमवले आहेत, तो व्यवहार मासिकांचा आहे.

शोधापासून सुरुवात करू. खातं उघडल्यावर शोधाच्या पानावर कथाप्रकार, शब्दसंख्या, किमान मानधन वगैरे रकाने येतात. नवखा माणूस सगळे भरतो आणि हाती चार-दोन नावं लागतात. विषयाधारित अँथॉलॉजीचा कथाप्रकार बरेचदा धूसर नोंदवलेला असतो. ‘समुद्र’ असा विषय असेल तर भयकथाही चालते, विज्ञानकथाही आणि साधी वास्तववादी कथाही. म्हणून शब्दसंख्या आणि किमान दर एवढंच भरा, बाकी मोकळं सोडा आणि आलेली यादी नजरेखालून घाला. यादीवरून थेट प्रकाशकाच्या नियमांच्या पानावर जा. ग्राइंडरवरची माहिती माणसं हाताने भरतात, त्यामुळे मुदत वाढली, संपादक बदलला, शब्दमर्यादा खाली आली, असे बदल तिथे उशिरा पोचतात. वाद झाला तर प्रकाशकाचं पानच खरं.

दराच्या बाबतीत ‘व्यावसायिक’, ‘निम-व्यावसायिक’ अशा गटांच्या नावांवर जाऊ नका. गटांची रेषा प्रत्येकाने वेगळ्या जागी मारलेली असते. अमेरिकेतल्या सायन्स फिक्शन अँड फँटसी रायटर्स असोसिएशनने सप्टेंबर २०१९ पासून शब्दामागे ८ सेंट हा व्यावसायिक दर धरला, त्याआधी तो ६ होता. हॉरर रायटर्स असोसिएशनचा आकडा ५ सेंटचा. ४,००० शब्दांच्या कथेला ८ सेंटने ३२० डॉलर होतात, ५ सेंटने २००, १ सेंटने ४०. अँथॉलॉजीत पुष्कळदा शब्दामागे दर नसतोच, ‘२५ डॉलर आणि एक प्रत’ असं ठोक लिहिलेलं असतं. तेव्हा आपल्या कथेच्या शब्दांनी भागून बघा. ५,००० शब्दांच्या कथेला २५ डॉलर म्हणजे शब्दामागे अर्धा सेंट. ‘विक्रीतला वाटा’ एवढंच लिहिलं असेल तर मानधन शून्य धरून चाला. २० लेखकांत वाटला जाणारा लहान प्रकाशकाचा नफा बहुधा पेपॅलच्या (ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेच्या) कापणीतच संपतो.

आता आकड्यांकडे. ग्राइंडरच्या प्रत्येक पानावर उत्तराला लागलेले सरासरी दिवस, मध्यक (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा), स्वीकाराचं प्रमाण आणि कितव्या दिवशी किती उत्तरं गेली हे दाखवणारा एक स्तंभालेख असतो. मासिकाच्या बाबतीत हा आलेख खरोखर बोलतो. एखादं मासिक बहुतेकांना २० दिवसांत नकार देत असेल आणि तुमची कथा ४५ दिवस तिथेच असेल, तर ती मासिकात पहिली चाळणी लावणाऱ्या वाचकाच्या हातून पुढे सरकली असण्याची शक्यता बरी. मासिकात आवक रोजची, वाचन रोजचं आणि जागाही दर महिन्याला नवी. त्यामुळे गेल्या वर्षाचा आकडा या वर्षी लागू पडतो.

अँथॉलॉजीत तसं होत नाही. तिथे वाचन दोन टप्प्यांत चालतं. ज्या कथा उघडच बसत नाहीत त्या येतील तशा साभार परत जातात. ज्या बसू शकतील त्या राखून ठेवल्या जातात आणि मुदत संपल्यावर एकत्र वाचल्या जातात. आलेखात हे स्पष्ट दिसतं : सुरुवातीला नकारांचा एक उंच सुळका, मग मोकळं रान, मग शेवटच्या तारखेनंतर काही आठवड्यांनी स्वीकार-नकारांचा दुसरा पुंजका. समजा ३० जणांना दहाव्या दिवशी नकार गेला आणि १० जणांना ११०व्या दिवशी उत्तर गेलं. सरासरी निघते ३५ दिवस. पस्तिसाव्या दिवशी मात्र एकालाही उत्तर गेलेलं नाही. मध्यक १० दिवस दाखवेल, तोही निरुपयोगी. अशा पानावर सरासरी वाचूच नका, आलेखाचा आकार वाचा. पहिला सुळका ओलांडून तुमची कथा मोकळ्या रानात असेल तर ती राखून ठेवलेली असू शकते. किंवा अजून कुणी उघडलेलीच नसेल. या दोहोंतला फरक आलेख सांगू शकत नाही.

स्वीकाराच्या टक्क्यांवर तर भरवसाच नको. ग्राइंडरवर नोंद करणारे लेखक मुळात शिस्तीचे. नियम वाचून, योग्य ठिकाणी कथा पाठवणारे. शिवाय स्वीकाराची नोंद लोक तत्काळ करतात आणि नकाराची राहून जाते. त्यामुळे टक्का खऱ्यापेक्षा फुगलेला असतो. अँथॉलॉजीत नोंदीही थोड्या. १२ नोंदींत २ स्वीकार आले की पानावर जवळपास १७ टक्के झळकतात आणि लेखक हुरळतो. प्रकाशकाकडे ६०० कथा आलेल्या असू शकतात. आणि आधीच्या अँथॉलॉजीचा टक्का नव्या अँथॉलॉजीला लावणं तर व्यर्थच, कारण विषय वेगळा, संपादक बहुधा वेगळा आणि मोकळ्या जागांची संख्या वेगळी.

ही जागांची संख्याच सगळ्यात मोठी लपलेली गोष्ट आहे. १,००,००० शब्दांचं पुस्तक, सरासरी कथा ५,००० शब्दांची, म्हणजे २० कथा. ८ सेंटने लेखकांचं मानधनच ८,००० डॉलर. लहान प्रकाशक एवढे पैसे किकस्टार्टरवर (लोकवर्गणीच्या वेबसाइटवर) मोहीम काढून उभे करतो आणि त्यासाठी मुखपृष्ठावर ओळखीची नावं लागतात. ती नावं निमंत्रणाने येतात. समजा अशी १० नावं आधीच ठरली, तर उघड आवाहनातून येणाऱ्या शेकडो कथांसाठी उरल्या १० जागा. म्हणून ग्राइंडरवरून आवाहनाच्या पानावर गेल्यावर पहिल्यांदा हे शोधा : निमंत्रित किती, खुल्या जागा किती. प्रामाणिक संपादक हे लिहितात. लिहिलं नसेल आणि मोहिमेच्या पानावर आठ नामवंतांचे फोटो असतील, तर उत्तर समजून घ्या.

उरलेल्या दहांत तुमची कथा बसेल का, हे तिच्या गुणवत्तेइतकंच शेजारच्या कथांवर अवलंबून असतं. ‘समुद्र’ विषयावर बुडालेल्या गावाच्या चार चांगल्या कथा आल्या तर एकच लागते, फार तर दोन. सगळ्या प्रथमपुरुषी झाल्या तर एक चांगली तृतीयपुरुषी कथा पुढे सरकते. शब्दमर्यादा ७,५०० असली तरी ७,४०० शब्दांची कथा दोन कथांची जागा आणि दोन कथांचे पैसे खाते, त्यामुळे तिला दोन कथांइतकं चांगलं असावं लागतं. ३,००० ते ४,५०० शब्दांची कथा बसवायला सोपी. अंतिम यादी लावताना संपादकाकडे अमुक इतके शब्द आणि अमुक इतके डॉलर उरलेले असतात, आणि शेवटच्या एक-दोन जागा कित्येकदा नेमक्या लांबीच्या कथेला मिळतात. कुठलीही आकडेवारी हे आधी सांगू शकणार नाही. म्हणूनच राखून ठेवलेली कथा शेवटी परत आली तर लगेच दुरुस्तीला बसू नका. ती बहुतेक वेळा बिघडलेली नसते.

विषयाच्या बाबतीत उपाय एकच आणि तो आधीच करायचा : विषय वाचताक्षणी सुचलेली पहिली कल्पना टाकून द्यायची. तीच कल्पना आणखी पन्नास जणांना सुचलेली असते. त्याच संपादकाच्या आधीच्या पुस्तकाची अनुक्रमणिका ऑनलाइन दुकानांच्या नमुना-पानांत फुकट दिसते, ती पाहून ठेवावी. ते पुस्तक जाहीर केलेल्या काळात निघालं का, हेही तिथेच कळतं.

नोंदवही म्हणून ग्राइंडरला मात्र पूर्ण गुण. आधी कथेची नोंद करायची (नाव, शब्द, प्रकार), मग बाजार (म्हणजे कथा घेणारं मासिक किंवा अँथॉलॉजी) निवडून पाठवल्याची तारीख. उत्तर आलं की त्याचा प्रकार : छापील नकार, व्यक्तिगत नकार, राखून ठेवली, दुरुस्ती मागितली, स्वीकारली, आपण मागे घेतली, उत्तर आलंच नाही. ‘राखून ठेवली’ ही नोंद आवर्जून करा. तुमचं नाव न दिसता ती इतरांना उपयोगी पडते, कारण दुसऱ्या टप्प्याची पत्रं जायला लागली हे त्यावरूनच कळतं. एका कथेसाठी दोन ठिकाणं उघडी दिसत असतील तर एकाच वेळी दोन्हीकडे पाठवायला परवानगी आहे का ते आधी बघा. बऱ्याच अँथॉलॉजींना चालतं, पण एकीकडे लागली की दुसरीकडून त्याच दिवशी मागे घ्यायची ही अट असते. ती पाळली नाही तर नाव लक्षात राहतं.

सबमिटेबल या, प्रकाशक कथा मागवायला वापरतात त्या वेबसाइटवरून कथा पाठवली असेल तर तिथला दर्जा ‘रिसीव्ह्ड’वरून ‘इन-प्रोग्रेस’ झाला म्हणून पेढे वाटू नका. कुणीतरी आत काही हालचाल केली, एवढाच त्याचा अर्थ. वाचकाकडे फाइल सोपवली तरी दर्जा बदलतो.

मुदतीच्या बाबतीत भारतातून पाठवणाऱ्यांचा फायदाच असतो, पण मोजणी नीट हवी. अमेरिकी पूर्व किनाऱ्याची रात्रीची ११:५९ म्हणजे भारतात दुसऱ्या दिवशी सकाळचे ९:२९, आणि त्यांच्याकडे हिवाळी वेळ लागू असेल तर १०:२९. पश्चिम किनाऱ्याची वेळ असेल तर दुपारी १२:२९ किंवा १:२९. ग्राइंडरवर नुसती तारीख दिसते, वेळेचा पट्टा प्रकाशकाच्या पानावर. पाठवायची फाइल विल्यम शन यांनी मांडलेल्या प्रचलित हस्तलिखित पद्धतीत : १२ पॉइंट, दुहेरी अंतर, चारी बाजूंना एक इंच समास, पहिल्या पानावर नाव-पत्ता आणि शब्दसंख्या, पुढच्या पानांवर आडनाव, शीर्षक, पानक्रमांक. नाव लपवून पाठवायचं असेल तर नाव-पत्ता आणि आडनाव सगळीकडून काढायचं, आणि वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये लपलेलं आपलं नावही काढायचं. लोक तिथेच फसतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये यंत्राने (एआयने) लिहिलेल्या कथांचा पूर आल्यामुळे क्लार्क्सवर्ल्ड मासिकाला आवक काही काळ बंद करावी लागली होती. तेव्हापासून ‘ही कथा यंत्राने लिहिलेली नाही’ असं लेखी हमीपत्र अनेक ठिकाणी मागतात. तो चौकोन न वाचता टिक करू नका, पुढे करारात तेच कलम येतं.

डुओट्रोपशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण अपुरं राहील. महिन्याला ५ किंवा वर्षाला ५० डॉलर घेऊन डुओट्रोप जास्त नीटनेटकं पान, संपादकांच्या मुलाखती आणि विषय-मुदतींची दिनदर्शिका देतं. ही दिनदर्शिका अँथॉलॉजीसाठी खरोखर कामाची आहे. साहित्यिक वळणाच्या कथा, कविता, ललितेतर लेखन यांचा बाजार तिथे अधिक भरलेला दिसतो. विज्ञानकथा, भयकथा, अद्भुतकथा यांच्यासाठी ग्राइंडरच्या नोंदी दाट. आकडेवारीचा जो दोष वर सांगितला तो डुओट्रोपलाही तेवढाच लागू, कारण तिथेही नोंदी वापरणारेच देतात. महिन्याला एखादी कथा बाहेर जात असेल तर पैसे टाकायचं कारण नाही. कविता आणि लेखही पाठवत असाल तर एक महिना घेऊन बघा.

दोघांपैकी कुणीच सांगत नाही तो भाग कराराचा. अँथॉलॉजीचा करार हातात आल्यावर चार जागा शोधायच्या. पहिली, कोणते हक्क : प्रथम इंग्रजी प्रकाशनाचे हक्क पुरेसे आहेत, ‘सर्व हक्क’ लिहिलं असेल तर सही नको. दुसरी, एकाधिकाराचा काळ, म्हणजे कथा दुसरीकडे छापता येत नाही तो काळ : प्रकाशनापासून सहा महिने ते एक वर्ष हे रूढ, आणि वार्षिक सर्वोत्तम कथांच्या संकलनांना त्यातून सूट असावी. तिसरी, पैसे केव्हा : सहीनंतर की प्रकाशनानंतर. चौथी सगळ्यात महत्त्वाची आणि लहान प्रकाशकांच्या करारातून सर्रास गळलेली : पुस्तक अमुक महिन्यांत निघालं नाही तर हक्क लेखकाकडे परत. १२, १८, २४ महिने, काहीही चालेल, पण आकडा हवा. किकस्टार्टरवर ठरलेली रक्कम पूर्ण जमली नाही तर प्रकाशकाला एक डॉलरही मिळत नाही, आणि पुस्तक तिथेच थांबतं. ‘प्रकाशनानंतर मानधन’ आणि परतीचं कलम नाही, अशी जोडी असेल तर तुमची कथा न छापता, न विकता अडकून पडते. संशयास्पद प्रकाशकांसाठी ‘रायटर बिवेअर’ हे संकेतस्थळ बघावं. कथा पुस्तकात येण्यासाठी लेखकाकडूनच पैसे किंवा प्रती विकत घेण्याची हमी मागणारा प्रकाशक ग्राइंडरच्या यादीत असो वा नसो, सोडून द्या.

पैसे भारतात आणताना बहुधा पेपॅलच लागतं. भारतीय खात्यात परदेशातून आलेली रक्कम आपोआप बँकेत वळती होते, त्यासाठी पॅन आणि व्यवहाराच्या कारणाचा कोड आधी भरून ठेवावा लागतो. शुल्क आणि चलनबदलाची कापणी मिळून १० डॉलरच्या मानधनातला लक्षात येण्याजोगा भाग जातो. अमेरिकी प्रकाशक डब्ल्यू-८ बेन (परदेशी व्यक्तीने भरायचा अमेरिकी करविषयक) फॉर्म मागतात. सहीच्या वर्षानंतर तीन पूर्ण कॅलेंडर वर्षं तो चालतो. त्यात भारत-अमेरिका करसंधीच्या १२व्या कलमाचा उल्लेख केला तर लेखनाच्या रॉयल्टीवर १५ टक्के करकपात, एरवी ३० टक्के.

अनुवादकांसाठी एक गोष्ट वेगळी. दिवाळी अंकात आलेली मराठी कथा इंग्रजीत अनुवादित करून पाठवली, तर तिचे प्रथम इंग्रजी हक्क अजून विकलेले नसतात, त्यामुळे ती पुनर्मुद्रण ठरेलच असं नाही. पण काही संपादक कुठल्याही भाषेतलं आधीचं प्रकाशन मोजतात. पत्रात अंकाचं नाव, वर्ष आणि मूळ लेखकाची लेखी परवानगी असल्याचं सरळ लिहावं, आणि मानधनाची वाटणी लेखकाशी आधीच ठरवावी. मराठी अंकांचा बाजार ग्राइंडरवर शोधू नका, तिथे तो नाही.

विषयाधारित अँथॉलॉजीतून परत आलेली कथा लगेच पुढच्या मासिकाला लावायची घाई टाळा. त्याच आठवड्यात त्याच विषयाच्या परतलेल्या कथा सगळ्या संपादकांच्या पेट्यांत एकदम पडतात, आणि वाचणाऱ्याला त्या कुठून आल्या हे दुसऱ्या परिच्छेदात कळतं. ग्राइंडरच्या नोंदीत अँथॉलॉजी बंद झाल्याची तारीख टिपून ठेवा, तीन-चार महिने जाऊ द्या, शीर्षकात विषयाचा शब्द ठोकून बसवला असेल तर तो काढा आणि मग पाठवा. त्या काळात दुसरी कथा फिरती ठेवायची.